डाव्या सीटचा आकडा

मोटारीच्या विम्याचं नूतनीकरणपत्र हल्ली आठ पानांचं येत असे आणि ते पुरतं वाचायच्या भानगडीत कोणी पडत नसे. लोक पहिल्या पानावरची रक्कम बघत, कंपनीच्या नावाने चार शब्द पुटपुटत आणि पडद्यावर अंगठा उमटवून मोकळे होत. चिपळूणचा तुषार रेडीज पुटपुटतसुद्धा नसे. त्याला एकतीस वर्षं सलग नो क्लेम बोनस मिळत होता. वर्षभरात कंपनीकडे नुकसानभरपाई न मागणाऱ्याला पुढच्या वर्षी सूट मिळते, ती वाढत वाढत निम्म्यावर येऊन थांबते आणि एक दावा केला की पुन्हा शून्यापासून सुरुवात. तुषार निम्म्यावर केव्हाच पोचला होता आणि तिथून हलला नव्हता. पाहुणे आले की चहाबरोबर ही गोष्ट एकदा तरी निघायची, आणि त्याची बायको वृषाली त्या वेळी हटकून काहीतरी आणायला आत जायची.

स्वतः चालणाऱ्या गाड्यांनी हमरस्ते व्यापल्यापासून हाताने गाडी चालवणं हा एक महागडा हट्ट झाला होता. तुषारने तो हट्ट निवृत्तीनंतरही सोडला नव्हता. दर शनिवारी कुंभार्ली घाट चढून दोघं कराडला मुलीकडे जात, चौदा वर्षांच्या नातीला, रेवाला, गाडीतून फिरवून आणत आणि रविवारी परत येत. चालवणार तुषार, डावीकडे वृषाली. रेवा असली की ती डावीकडे आणि वृषाली मागे. यात कधी कोणाला काही वावगं वाटलं नव्हतं.

त्या वर्षीच्या पत्रात सवलत जागच्या जागी होती, चालकाचा स्वतःचा विमा तर आधीपेक्षा स्वस्त झाला होता, आणि तरीही एकूण रक्कम अडीचपट आली होती. कारण सहाव्या पानावर होतं: 'डाव्या सीटवरचा प्रवासी, विशेष भार'. त्याखाली तीन ओळींचा तक्ता.

रिकामी सीट : ९१
रेवा : २३
वृषाली रेडीज : ९१

आणि सातव्या पानावर एक चौकट होती. डावीकडे नेहमी बसणाऱ्या प्रवाशाला हा तक्ता दाखवून त्याची संमती घ्यायची. बाकी सगळीकडे अंगठा चालत असला, तरी ही सही कायद्याने हातानेच करावी लागे.

तुषार तीस वर्षं वजनमापं खात्यात निरीक्षक होता. बाजारात तो शिरला की दुकानदार तराजू पुसायला लागत. न कळणारा आकडा समोर आला की त्याला जेवण गोड लागत नसे. त्याने पत्र घडी करून खिशात घातलं, वृषालीला कराडच्या ऑफिसात किरकोळ काम आहे असं सांगितलं आणि बुधवारी एकटाच घाट चढला. शेजारची सीट रिकामी होती. तिच्याकडे त्याने दोन-तीनदा बघितलं.

कंपनीच्या कराडच्या कचेरीत डॉ. आफरीन परकार नावाच्या विमागणिती बसत. विमागणिती म्हणजे कोणाला केव्हा काय होईल हे सांगता न येणारा, पण किती जणांना होईल हे नेमकं सांगणारा माणूस. बाई चाळिशीच्या, आवाज शांत, आणि तक्रार घेऊन आलेल्या माणसाला आधी पाणी देण्याची सवय.

"मॅडम, मी जन्मभर दुकानदारांचे काटे तपासले," तुषार म्हणाला. "काटा बरोबर आहे असं प्रत्येकजण सांगायचा. आज मला तुमचा काटा बघायचाय."

बाईंना त्याचा राग आला नाही. उलट इतक्या वर्षांत सहावं पान वाचून कोणीतरी आलं याचं त्यांना बरं वाटलं असावं. त्यांनी सगळं पहिल्यापासून समजावून सांगितलं.

गाडीच्या स्टिअरिंगला गेल्या अकरा वर्षांपासून एक पातळ कडं बसवणं सक्तीचं होतं. हातांची पकड किती घट्ट, चाक कुठे आणि किती झटकन वळलं, हे ते कडं टिपून ठेवी. अपघात काही माणसाला रोज होत नाही. पण खड्डा, कुत्रं, मध्येच घुसलेली दुचाकी, पुढे अचानक थांबलेली एसटी, हे रोजचंच. दर वेळी हात एक बारीकसा निर्णय घेतात आणि माणसाला त्याचा पत्ताही नसतो. असे लाखो निर्णय गोळा करून कंपनी संगणकात त्या चालकाचा एक जुळा तयार करी. त्याला 'प्रतिचालक' म्हणत. त्याला चेहरा नसे, नाव नसे. होते ते फक्त त्या माणसाचे हात. नूतनीकरणाआधी या हातांना संगणकातच चाळीस हजार अपघातांतून जायला लावायचं. आणि तेही कसे, तर जे टळूच शकत नाहीत असे.

"टळूच शकत नाहीत, तर त्यात चालकाची काय चूक?" तुषारने विचारलं.

"चूक नाहीच, काका. धक्का बसणार हे ठरलेलंच आहे. तो गाडीच्या कुठल्या अंगाला बसेल, एवढंच हात ठरवतात. आम्ही त्याला धक्क्याची वाटणी म्हणतो."

तक्त्यातला आकडा म्हणजे शंभर अपघातांपैकी किती वेळा धक्का डाव्या सीटच्या वाट्याला गेला त्याचा हिशेब. समोरून ट्रक अंगावर आला की तुषारचा प्रतिचालक चाक डावीकडे मारी आणि गाडीची डावी कूस दरडीवर आदळे. पुढे बंद पडलेला ट्रक असला की तो चाक उजवीकडे मारी आणि डावा कोपरा ट्रकखाली जाई. चाक कुठेही फिरो, उजवीकडे बसलेला तुषार सुटत होता. म्हणून तर त्याचा स्वतःचा विमा स्वस्त झाला होता.

बाईंनी एक जुनी नोंदही काढून दाखवली. सहा वर्षांपूर्वी पोफळीजवळ टेम्पो आडवा आला होता आणि गाडी डाव्या अंगाने मोरीच्या कठड्याला घासली होती. कड्याने ते टिपलं होतं, पण कंपनीकडे दावा आलेला नव्हता. तुषारने ओशाळून सांगितलं की गॅरेजवाल्याला खिशातून पैसे दिले, बोनस जाऊ नये म्हणून. असं सगळेच करतात. बाईंनी विचारलं, कोणाला लागलं होतं का. किरकोळ, असं तुषार म्हणाला. वृषालीचं खांद्याचं हाड मोडलं होतं आणि सहा आठवडे तिचा हात गळ्यात होता. विम्यातून तोही खर्च मिळाला असता, पण मग दावा झाला असता.

"जनावरसुद्धा आधी स्वतःचा जीव वाचवतं," तो म्हणाला.

बाईंना ते पटलं. सेकंदाच्या पाचव्या हिश्शात काही विचार होत नाही, त्यामुळे लाजण्यासारखं यात काही नाही, असं त्यांनी सांगितलं. तुषारने इथेच उठायला हवं होतं. पण काटा तपासणाऱ्याची खोड जात नाही.

"विचार होत नाही म्हणता, मग रेवाचा आकडा तेवीस कसा?"

"सीटला वजन कळतं, त्यामुळे कोण बसलंय ते नोंदीत येतं. रेवा शेजारी असली की तुम्ही डावीकडच्या कठड्यापासून दीड वीत जास्त अंतर ठेवता. तिच्या बाजूने काही आलं की हात आधी तुमची बाजू पुढे करतात. हे काही एका क्षणात ठरत नाही, काका. ते रोजच ठरत असतं, अपघात फक्त ते उघड करतो."

"आणि बायको असताना?"

"सीट रिकामी असताना जेवढं अंतर ठेवता, तेवढंच."

तुषारने घडी उघडून सहावं पान पुन्हा एकदा वाचलं. बाई मुळात दयाळू असाव्यात. त्यांनी पाण्याचा पेला पुन्हा पुढे सरकवला आणि एक शक्यता सुचवली. इतक्या वर्षांच्या संसारानंतर हातांना बायको ही वेगळी व्यक्ती वाटतच नसेल. माणूस पडताना हात पुढे करून डोकं वाचवतो, म्हणून त्याला हात नकोसा झालेला असतो असं नाही. शरीर एकच असलं की त्यातलं काहीतरी पुढे करावंच लागतं.

"हे सिद्ध झालंय?"

"नाही. त्यासाठी नवरा-बायको दोघांचेही प्रतिचालक हवेत. दोघंही हाताने गाडी चालवतात अशी म्हातारी जोडपी आहेत कुठे? पण असेलही तसंच."

एवढं 'असेलही' घेऊन तुषार घाट उतरला.

घरी पोचेपर्यंत एजंट सावर्डेकरचा फोन आला; कराडच्या फेरीची बातमी त्याला कचेरीतून कळली होती. सावर्डेकर गावातल्या अर्ध्या गाड्यांचा विमा बघायचा आणि त्याच्याकडे प्रत्येक अडचणीवर तोड असे. त्याने सांगितलं की एवढं मनाला लावून घ्यायचं कारण नाही. एक साधं निवेदन भरून द्यायचं: 'डावी सीट सहसा रिकामी असते.' विशेष भार निघून जातो, तक्ता छापला जात नाही आणि कोणाची सही लागत नाही. कोण येतंय घाटात बघायला?

तुषारने निवेदन मागवून घेतलं. नाव लिहिलं, गाडीचा क्रमांक लिहिला. 'सहसा रिकामी असते' या शब्दांपुढे खूण करायला गेला आणि त्याच्या मनात आलं की हे तसं खोटंही नाही. त्याच्या हातांच्या हिशेबी ती सीट इतकी वर्षं रिकामीच होती. त्याला स्वतःची इतकी किळस आली की त्याने तो कागद चुरगळून टाकला आणि तसाच स्वयंपाकघरात गेला.

वृषाली कुळीथ निवडत बसली होती. ती बत्तीस वर्षं पोस्टात काउंटरवर होती आणि लोकांचे फॉर्म वाचून देण्यात तिचं निम्मं आयुष्य गेलं होतं. तिने पत्र हातात घेतलं, चष्मा लावला आणि बारीक अक्षरातल्या टिपांपासून वाचायला सुरुवात केली. तुषार मध्ये मध्ये समजावत होता. परकारबाईंनी सांगितलेली डोक्याची आणि हाताची गोष्ट त्याने दोनदा सांगितली. ती वाचत वाचत सहाव्या पानावर आली. तक्त्यातल्या पहिल्या ओळीवर तिने बोट ठेवलं, मग तिसऱ्या ओळीवर.

"म्हणजे मी बसले काय, न बसले काय," ती म्हणाली.

तुषारने पुन्हा एकदा सांगायला सुरुवात केली की त्याचा अर्थ तसा नाही, दोघं एकच आहेत म्हणून. वृषालीने ऐकून घेतलं. तिचा उजवा हात नकळत डाव्या खांद्यावर गेला होता. बराच वेळ ती कुळथातले खडे बाजूला करत राहिली आणि मग म्हणाली की असेल तसं. इतक्या वर्षांनी सगळ्यांचेच हात असे होत असतील. तिचेही झाले असतील, तिने कधी गाडी चालवली नाही म्हणून कळलं नाही एवढंच. तिने चौकटीत सही केली, पूर्ण नाव लिहून, पोस्टातल्या वळणाची. अडीचपट रक्कम त्यांनी भरली.

पुढच्या सोमवारी ती मोटर ट्रेनिंग स्कूलमध्ये नाव घालून आली. एकसष्टाव्या वर्षी.

तुषारला आधी हे थट्टेत काढावंसं वाटलं, पण तिचा चेहरा बघून तो गप्प बसला. पहिल्या आठवड्यात तिने गल्लीतल्या चार कुंड्या आणि शेजाऱ्यांचं फाटक आडवं केलं. शिकवणारा मुलगा तिला मावशी म्हणायचा आणि गाडी थांबली की आधी घाम पुसायचा. पण वृषाली चिवट होती. दोन महिन्यांनी परवाना मिळाला, चौथ्या महिन्यात तिने पोफळीपर्यंत गाडी नेली आणि सहाव्यात घाट चढवला. तुषार डावीकडे बसून नसलेला ब्रेक दाबत राहायचा आणि वळण आलं की श्वास रोखायचा. त्यावरून दोघांची कचाकचा भांडणं व्हायची. तरी एकंदरीत ते वर्ष बरं गेलं. तिला ते चालवणं आवडायला लागलं होतं. रेवा आजीला शेजारी बसून गाणी लावून द्यायची.

ती हे सगळं कशासाठी करते आहे, ते तुषारला कळत होतं आणि त्याबद्दल तो मनातून तिचा ऋणी होता. वर्षाअखेरीस तिच्या नावाचा तक्ता येणार होता. त्यात त्याच्या नावापुढे नव्वदच्या आसपासचा आकडा आला की ती डोक्याची आणि हाताची गोष्ट खरी ठरणार होती. आपण या म्हातारपणी बायकोच्या गाडीत मरायला पात्र ठरावं अशी इच्छा करणारा आपण पहिलाच माणूस असू, असं त्याला वाटे आणि हसूही येई.

पत्र मार्चमध्ये आलं, गाडी आता ती चालवायची म्हणून वृषालीच्या नावाने. तुषारची इतक्या वर्षांची सवलत तिला लागू होत नव्हती. तिची सुरुवात शून्यापासून होती. तिने जेवणाच्या टेबलावर ते शेवटून पुढे वाचलं. सहाव्या पानावर ती थांबली. मग तिने पान उलटं करून ठेवलं आणि उठून खिडकीपाशी गेली. तुषारने ते सरळ केलं.

रिकामी सीट : ८८
रेवा : १७
तुषार रेडीज : ११

"हे चुकलंय," खिडकीपाशूनच वृषाली म्हणाली.

तिने लगेच परकारबाईंना फोन लावला. बाईंनी तक्ता पुन्हा तपासून घेतला. दहा महिने, सहा हजार किलोमीटर, नोंदी भरपूर होत्या. चूक नव्हती. वृषालीने विचारलं की हा आकडा वाढवता येतो का. हातांना वळण लावायचे वर्ग आहेत, बाई म्हणाल्या, पण तिथे लोक आकडा उतरवायला येतात. चढवायला आजवर कोणी आलेलं नाही. शिवाय चाळीस दिवसांच्या वर्गानंतरही फरक पडतो तो चार-पाचाचा.

फोन ठेवून वृषाली टेबलापाशी आली. ती रडत नव्हती. पोस्टात कोणी पत्ता न लिहिता पाकीट टाकलं की तिच्या चेहऱ्यावर जसा राग यायचा तसा राग होता.

"मी गाडी शिकले ती तुला सोडवायला," ती म्हणाली. "माझाही नव्वद आला असता, तर मी ते पान फाडून टाकलं असतं. दोघंही सारखेच, हातांचं काय मनावर घ्यायचं, म्हटलं असतं. आता काय म्हणू?"

तुषारला शरम वाटत होती, इतकी की मान वर करवेना. तो म्हणाला की गाडी विकून टाकू. मग म्हणाला की आजपासून पुन्हा तोच चालवेल, तिने मागे बसावं. मागे बसायला मी काय सामान आहे का, असं तिने विचारलं. तो म्हणाला की मग तो हात बदलेल, वर्गाला जाईल, चाळीस दिवस काय, चारशे दिवस जाईल. हे तो मनापासून बोलत होता. तिने ते ऐकलं आणि खुर्ची ओढून समोर बसली.

"तू चालवलंस तरी मी, आणि मी चालवलं तरी मीच," ती म्हणाली. "कुठल्याही बाजूला बसले तरी धक्का माझाच. आणि मला कोणी विचारलेलंसुद्धा नाही, तुषार. तू तर नाहीच. माझ्या या हातांनीही नाही."

तिने दोन्ही हात टेबलावर ठेवले होते आणि ती त्यांच्याकडे ते दुसऱ्या कोणाचे असावेत तशी बघत होती. तुषारला ते हात धरावेसे वाटले. ते धरायचा आपल्याला हक्क आहे की नाही हे त्याला ठरवता आलं नाही आणि तेवढ्यात तिने ते काढून घेतले.

तिने सातवं पान त्याच्यापुढे सरकवलं. मुदत उद्या संपत होती आणि शनिवारी रेवाची शाळेतली स्पर्धा होती, त्यामुळे जाणं भाग होतं. चौकट या वेळी त्याच्यासाठी होती: डाव्या सीटवरच्या प्रवाशाची संमती. मी हा तक्ता वाचला आहे, तो मला मान्य आहे. वृषालीने पेनाचं टोपण काढून पेन त्याच्या हातात दिलं.

तुषारने सही केली. सही नेहमीसारखी आली, एका दमात, सरळ रेषेत. हात जरासुद्धा थरथरला नाही, आणि ते दोघांच्याही लक्षात आलं.